सोमतीच्या नावावरचं पुस्तक

परतवाड्याच्या त्या कॉलेजात मी पोचले तेव्हा ग्रंथालयाच्या दारावर दोन माणसं पाटी ठोकत होती. 'त्र्यंबक ढोले करिअर मार्गदर्शन कक्ष'. तीन वाजता तिचं अनावरण होतं. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. पाटी जराशी डावीकडे कलली होती. 

आत काउंटरपाशी एक मुलगी नीलिमाताईंशी भांडत होती.

"यंत्र चुकत नाही म्हणता, तं मंग मीच चुकली का?"

"फुलवंती, हळू बोल. ग्रंथालय आहे." नीलिमा तायडे बाबांच्या विद्यार्थिनी, आणि त्यांच्यानंतरच्या ग्रंथपाल. त्यांनी मला पाहिलं आणि सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. "बोल आता यांच्याशीच. वाटाड्या यांनीच तयार केलाय. प्रणिता ढोले."

मुलगी वळली. वीसेक वर्षांची, केसांना घट्ट वेणी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी जाड.

"ढोले सरांच्या कोण तुम्ही?"

"मुलगी."

तिनं एक कागद माझ्यासमोर ठेवला. तो आमच्याच यंत्राचा अहवाल होता. फुलवंती बेठेकर, बी.एस्सी. तृतीय वर्ष, मूळ गाव मेळघाटात. अर्ज: नागपूरचं सिकलसेल उपचार केंद्र, प्रयोगशाळा प्रशिक्षणार्थी. मार्ग खंडित होण्याची शक्यता: एक्क्याण्णव टक्के. शिफारस: नाही.

"चार वाजता यादी बंद होते," ती म्हणाली. "बावीस जागा हायेत. माझा अर्ज कोणी वाचलाच नाही मॅडम. यानंच परत पाठवला."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

वाटाड्या काय करतो, हे मी आजवर अनेक सभागृहांत सांगितलं आहे. एका शब्दानंतर कोणता शब्द येईल, हे ओळखणारी यंत्रं आता जुनी झाली. आम्ही शब्दांच्या जागी पुस्तकं ठेवली. विद्यार्थी आधी कोणतं पुस्तक नेतो, मग कोणतं, किती दिवस ठेवतो, पुन्हा नेतो का, आणि पुढं पंधरा वर्षांनी तो कोण होतो. हजारो माणसांच्या अशा वाटा यंत्राला दाखवल्या की नव्या विद्यार्थ्याची पहिली चार-पाच पावलं बघून ते पुढची वाट सांगतं. कोणाला कोणतं पुस्तक सुचवायचं, कोणाला कोणत्या परीक्षेला बसवायचं, हे ग्रंथपालाला एरवी वर्षं घालवून कळतं, ते क्षणात कळावं असा आमचा हेतू होता. पहिली दोन वर्षं यंत्रानं तेवढंच केलं. मग नोकरी देणाऱ्यांनी तेच अहवाल मागायला सुरुवात केली. हजार अर्ज वाचण्यापेक्षा हजार आकडे वाचणं सोपं होतं. आज दोनशे बारा कॉलेजांत वाटाड्या होता.

आणि यंत्राला ज्या नोंदींवर शिकवलं त्या याच ग्रंथालयाच्या होत्या. संगणक आल्यापासूनच्या चोवीस वर्षांच्या नोंदी, त्यांत एक दिवस गाळलेला नाही. एवढ्या स्वच्छ नोंदी आम्हाला राज्यात कुठंच मिळाल्या नव्हत्या. त्या बाबांनी ठेवल्या होत्या, आणि आमच्या कंपनीला त्या सुचवल्या होत्या मी.

मी लॅपटॉप उघडला आणि अहवालामागचं कारण मागितलं. वाटाड्या कारण सांगतो. त्याचा मला अभिमान होता. पडद्यावर एक ओळ आली. एकच पुस्तक दीर्घकाळ ताब्यात. अकरा वेळा नूतनीकरण. आश्रमशाळेतून आलेल्या विद्यार्थिनींमध्ये हा आकृतिबंध मार्ग खंडित होण्याशी दृढपणे निगडित.

"एक पुस्तक अकरा वेळा रिन्यू केलंस?"

"हो."

"का?"

"काहून म्हणजे? समजेपर्यंत ठेवते मी." तिनं पिशवी सोडली. आतून रक्तविकारांवरचं एक जुनं पाठ्यपुस्तक निघालं. कणा दोऱ्यानं शिवलेला, पानांना चुलीच्या धुराचा वास. "हे घरचं. ग्रंथालयातलं नवं हाय. दोन्ही समोर ठेवते. तीस वर्षांत काय बदललं ते लिहून काढलं." तिनं वही उघडून दाखवली. डावीकडे 'जुनं', उजवीकडे 'नवं'. डावीकडे लिहिलं होतं: जनुकातलं एकच अक्षर बदलतं, म्हणून रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, उपाय नाही. उजवीकडे: बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन बनतं, जन्मानंतर ते बंद होतं, मज्जेतल्या पेशी बाहेर काढून ते बंद झालेलं पुन्हा चालू करता येतं. खाली तिच्या अक्षरात प्रश्न होता: किती पेशी सुधारल्या हे मोजतात कसं?

तो प्रश्न म्हणजेच ती नोकरी होती. नागपूरला त्याच कामासाठी माणसं हवी होती.

मी पुस्तकाचं पहिलं पान उलटलं. याच ग्रंथालयाचा गोल शिक्का.

"हे घरचं कसं?"

"आत्याचं हाय. सोमती बेठेकर. ती इथंच शिकत होती. दुसऱ्या वर्षाला घरी नेलं तिला, लग्न लावून दिलं. पुस्तक तिच्यापाशीच राह्यलं."

"कोणत्या साली?"

"दोन हजार आठ. दिवाळीनंतर."

मी नोंदींत सोमती बेठेकर शोधली. ती सापडली. रक्तविकार, नोव्हेंबर २००८. नूतनीकरण जून २००९. नूतनीकरण डिसेंबर २००९. जून. डिसेंबर. जून. अशा ओळी खाली खाली जात राहिल्या, तेवीस वर्षं. सगळ्यात शेवटी यंत्रानं लावलेला निष्कर्ष: व्यवसाय आढळला नाही. मार्ग खंडित.

"आत्या इथं येत होती का, पुस्तक रिन्यू करायला?"

फुलवंती हसली. "परतवाड्याला? तिला जवळच्या धारणीपर्यंत यायला दोन दिवस लागत होते तेव्हा."

मी नीलिमाताईंकडे पाहिलं. त्या काउंटरवरचा स्टेपलर सरळ करत होत्या. तो आधीच सरळ होता.

पुढच्या शोधाला मला चार मिनिटं लागली. पंधरा जून आणि पंधरा डिसेंबर. दरवर्षी याच दोन तारखा, संध्याकाळी पाच ते साडेपाच, काउंटर बंद झाल्यावर. त्रेसष्ट नावं, सगळी मुलींची. त्यांच्या नावावरची पुस्तकं वर्षानुवर्षं नूतन होत राहिली होती.

"नीलिमाताई, आत या."

पुस्तकं बांधायच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या राहिलो. खळीचा वास होता. लहानपणी मी याच खोलीत गृहपाठ करत असे.

"तुला माहीत नव्हतं?" त्यांनीच विचारलं. "मला वाटलं सरांनी सांगितलं असेल."

"काय सांगितलं असेल?"

"अगं, पुस्तक घेऊन मुलगी घरी गेली की परत येत नाही. दोन वर्षं परत केलं नाही की संगणक नाव 'थकीत'मध्ये टाकतो. थकीतमध्ये गेली की ऑफिस टी.सी. देत नाही. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी नवरा तयार झाला, सासू मेली, काहीही झालं आणि तिला पुन्हा शिकावंसं वाटलं, तर टी.सी.शिवाय कुठं जाणार? सर म्हणायचे, टी.सी. अडली की मुलगी कायमची अडली. म्हणून ते बसून सगळ्यांची पुस्तकं रिन्यू करायचे. निवृत्त होताना मला चाव्या दिल्या आणि ती यादी दिली."

"आणि तुम्ही?"

"मीही केलं, वाटाड्या बसेपर्यंत." त्यांचा आवाज चढला. "चौदाजणी परत आल्या प्रणिता. पदवी घेऊन गेल्या. त्यातली एक आज चिखलदऱ्याला तलाठी आहे. काय चुकलं त्यांचं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला उच्चारायचं नव्हतं. ज्या मुली पुस्तक उघडायलाही ग्रंथालयात नव्हत्या, त्या नोंदींत सगळ्यात चिकाटीच्या वाचक दिसत होत्या. आणि त्यांचं पुढं काहीच झालेलं नव्हतं. यंत्र त्यातून जे शिकता येत होतं तेच शिकलं. डोंगरातली मुलगी जर एका पुस्तकाला धरून बसली, तर तिची वाट संपली. परत आलेल्या चौदा जणी त्या गर्दीत बुडून गेल्या होत्या.

काही वर्षांपूर्वी नोंदी मागायला मी परतवाड्याला आले होते तेव्हा बाबा अंगणात संत्रं सोलत होते. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "त्यात सगळंच खरं लिहिलेलं नाही बरं का."

मी म्हणाले, "थोडा गोंधळ आम्ही धरूनच चालतो, बाबा."

ते मान हलवून संत्र्याच्या फोडींवरचे धागे काढत राहिले. मग अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलं. मला वाटलं, विनयानं बोलतायत. त्यांना वाटलं असेल, मुलीला कळलं.

नोंदी खऱ्या असल्याच्या दाखल्यावर सही माझी होती.

एक वाजता मी पुण्याला हर्षदला फोन लावला. हर्षद म्हणजे आमचा संचालक. त्यानं मधे न बोलता ऐकून घेतलं. तो हुशार आहे.

"किती अहवालांवर परिणाम?"

"या हंगामात अकराशे चाळीस. सगळ्या कॉलेजांतून. सगळ्या मुली."

"आणि आज चार वाजता किती याद्या बंद होतात?"

"सव्वीस."

"हे बघ, त्या मुलीचा आकडा तू हातानं दुरुस्त कर. तो अधिकार तुला आहे. तिचं काम होईल. बाकीचं आपण पुढच्या आवृत्तीत नीट करू."

"पुढची आवृत्ती जूनमध्ये आहे."

"मग जूनमध्ये." थोडं थांबून तो म्हणाला, "दाखला मागे घेतलास तर वाटाड्या सगळीकडे थांबेल. तुझी सही आहे, प्रणिता. आणि फॉर्ममध्ये नोंदी कोणी बिघडवल्या त्याचं नाव लिहावं लागतं. कोणाचं लिहिणार आहेस?"

मी फोन ठेवला.

फुलवंती कपाटांच्या मधल्या बाकावर डबा खात होती. मी तिच्याशेजारी बसले. तिनं न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी तिला दोन्ही वाटा सांगितल्या. आकडा दुरुस्त केला तर तिचं नाव शिफारशीत जाईल आणि जागा बहुतेक पक्की होईल. दाखला मागे घेतला तर यंत्र थांबेल, आणि नियमाप्रमाणे केंद्राला अर्ज केलेल्या प्रत्येकाची मुलाखत घ्यावी लागेल. बावीस जागांना सहाशे सत्तर अर्ज होते.

"मले विचारून राहिल्या की सांगून राहिल्या?"

"विचारतेय."

"मग माझा आकडा दुरुस्त करा." तिनं डोळे खाली केले नाहीत. "खोटं काहून बोलू? सहाशेमंधी माझा नंबर लागते का? त्यांना इंग्रजी येते, त्यांनी लॅब पाहिली हाय. घरी बाप म्हणते, या वर्षी नाही झालं तं बस. माझी एकच बारी हाय मॅडम."

"बाकीच्या अकराशे..."

"त्यांना मी ओळखत नाही."

"मीही नाही," मी म्हणाले.

"पण तुमाले करायचं हाय ते. दिसून राहिलं." ती उठली. तिनं डब्याचं झाकण लावलं. "सरांचं नाव खराब होईन. माझं काम जाईन. आणि तुम्ही खऱ्या बोलल्या म्हणून मोकळ्या."

तिचं बोलणं खोटं नव्हतं. मी तिथंच बसून राहिले.

अडीच वाजता बाहेर मंडप भरू लागला. संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांच्या गाडीमागं दोन गाड्या. कोणीतरी मला फेटा बांधायचा का विचारलं. मी लॅपटॉप घेऊन बाबांच्या जुन्या खुर्चीत जाऊन बसले, काउंटरच्या आत.

त्या खुर्चीची एक रीत होती. मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना बाबा त्या खुर्चीत बसवायचे आणि स्वतः काउंटरच्या बाहेर उभे राहायचे, पुस्तक मागायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे. "सर, मला यातलं काही कळत नाही, जरा सांगता का?" असं म्हणायचे. समोरचा घाबरलेला पोरगा सांगायला लागायचा. आत बसलेल्याला सगळं माहीत असतं, असं त्या मुलांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असायचं. खुर्चीत बसलं की त्यांनाही तसं वाटायचं. यंत्र तयार करताना मी बाबांच्या नोंदी मागितल्या. ही रीत मागायचं सुचलं नाही.

मी फॉर्म उघडला. दाखला मागे घेत आहे: होय. दूषित नोंदींचा स्रोत, व्यक्तीचं पूर्ण नाव. त्र्यंबक महादेव ढोले. ती अक्षरं मी पाच महिन्यांत बऱ्याच फॉर्मांवर लिहिली होती; बँकेत, नगरपालिकेत, गॅसच्या ऑफिसात. तिथं प्रत्येक वेळी नावाआधी 'कैलासवासी' लिहिलं होतं. इथं तशी जागा नव्हती. पुढचा रकाना: हेतू. मी लिहिलं, टी.सी. अडू नये म्हणून.

दोन वाजून बावन्न मिनिटांनी मी तो पाठवला. भिंतीवरचा वाटाड्याचा निळा पडदा करडा झाला. सव्वीस ठिकाणच्या याद्या थांबल्या.

प्राचार्य काळमेघ दोन मिनिटांत धावत आले. हातात भाषणाचा कागद तसाच.

"मॅडम, हे काय केलं तुम्ही? वरून फोन आला. खोट्या नोंदी, सरांचं नाव... अध्यक्ष मांडवात बसलेत हो."

"मला माहीत आहे."

"मलाही सरांनीच घडवलं. नेट-सेटचा फॉर्म त्यांनी माझ्याशेजारी बसून भरून घेतला होता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण मी ती पाटी आता कशी लावू? तुम्हीच सांगा."

"नका लावू."

पाटी तीन वाजता उतरली. ठोकायला आलेल्याच दोन माणसांनी ती उतरवली. अध्यक्षांनी शैक्षणिक विकासावर वीस मिनिटं भाषण केलं आणि नाश्ता करून गेले.

चार वाजता फुलवंती काउंटरपाशी आली. रडून झालेली होती.

"मुलाखत सोमवारी हाय. मेसेज आला. सहाशे सत्तरांना आला."

"आज बुधवार आहे," मी म्हणाले. खुर्चीतून उठले आणि बाहेर आले. "आत बस."

"कुठं?"

"खुर्चीत."

ती बसली. खुर्चीच्या काठावर, पळून जायच्या तयारीत.

"मॅडम," मी म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. सुधारलेल्या पेशी मोजतात कशा, जरा सांगता का?"

ती माझ्याकडे रागानं बघत राहिली. मग म्हणाली, "आधी तुमाले पेशी माहीत हाय का?"

"नाही."

"मग तिथून सांगा लागीन."

मी पुण्याला परत गेले नाही. हर्षदनं माझी चौकशी होईपर्यंत मला कामावरून थांबवलं होतं, त्यामुळं वेळ होता. गुरुवारी आणखी दोन मुली काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या, शुक्रवारी पाच. नीलिमाताईंनी बाबांच्या कपाटातून जुन्या जाहिरातींची कात्रणं आणि अर्जांचे नमुने काढले. खुर्ची एकच होती, म्हणून पाळ्या लावल्या. फुलवंती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. शनिवारी तिनं मला जनुकातलं अक्षर समजावून सांगितलं, आणि ते मला खरोखर पहिल्यांदा समजलं. तिलाही ते कळलं असावं, कारण ती खुर्चीत मागं टेकून बसली.

नागपूरची यादी अकराव्या दिवशी लागली. बावीस नावं होती. तिचं एकोणिसावं.

जायच्या दिवशी ती सांगायला आली, तेव्हा तिच्याबरोबर एक बाई होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावर पदर. तिनं ग्रंथालय सगळं एकदा नजर फिरवून पाहिलं. मग काउंटरवर ते धुराच्या वासाचं पुस्तक ठेवलं.

"ढोले सर हायेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. एवढंच म्हणून जमणार नव्हतं. "पाच महिने झाले. मी त्यांची मुलगी."

तिनं हात जोडले आणि थोडा वेळ तसेच ठेवले. "मी सोमती. सर म्हणाले होते, वाचून झालं की आणून दे. घाई नाही." ती ओशाळल्यासारखी झाली. "वाचून होतच नव्हतं. इंग्रजी, मोठं मोठं. एक एक पान लावायची. पोराला सुया टोचायला डॉक्टर आला की त्याला विचारायची, या शब्दाचा अर्थ काय. मग गावात सांगायची. रक्त पाहून कोणाशी लगीन करा, करू नका. पोरगं सारखं दुखते म्हणते तं त्याला भूत नाही लागलं, रक्त तपासा. चार गावांत सांगितलं."

"आत्या, चाल ना, एसटी हाय," फुलवंती म्हणाली. मग माझ्याकडे वळून: "हिनंच मले वाचायला शिकवलं. त्याच पुस्तकावर."

तेवीस वर्षांच्या त्या ओळी मला पुन्हा दिसल्या. जून. डिसेंबर. जून. व्यवसाय आढळला नाही. त्या सगळ्या खोट्या आहेत, असं मी सही करून दिलं होतं.

मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथं तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. शेवटचा शिक्का २२ नोव्हेंबर २००८, जरा तिरका, बाबांच्या हातचा. त्याच्याखाली कोरा कागद. संगणकात लिहिलं तसं त्यांनी इथं काही लिहिलेलं नव्हतं. पुस्तक समोर नसताना शिक्का कसा मारणार?

नीलिमाताईंनी खणातून शिक्का काढून माझ्यापुढं सरकवला. मी तारीख फिरवून आजची केली.

"झालं का वाचून?" मी सोमतीला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण आता हिचं सुरू झालं."

मी शिक्का उचलला, आणि परत शाईवर ठेवला.

"मग राहू द्या तुमच्याकडेच," मी म्हणाले, आणि त्या कोऱ्या जागेवर सहा महिने पुढची तारीख मारली.